नामी वळूच्या नावावर विकलेला गोऱ्हा: शंकरपटासाठी बैल घेताना होणारी फसवणूक

आर्वी भागातल्या एका कोरडवाहू कास्तकाराने पटासाठी, म्हणजे बैलांच्या शर्यतीसाठी, एक गोऱ्हा १ लाख ८० हजारांत घेतला. शुद्ध खिल्लार आहे, वय अठरा महिने, बाप पटात नंबर काढलेला वळू आणि आईही त्याच रक्ताची, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. आधी मोबाइलवर धावण्याचा व्हिडिओ आला. इसाराचे २० हजार फोनवरूनच गेले. मग विकणाऱ्याच्या वावरात प्रत्यक्ष धाव पाहून बाकीची रक्कम रोख दिली. चौथ्या दिवशी गोऱ्हा मागच्या पायाने लंगडायला लागला. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं, तर पक्के दात चार. वय, जात, बाप, धाव, सांगितलेलं काहीच खरं निघालं नाही. असेच सौदे बाकीच्या जिल्ह्यांतही होत आहेत, म्हणून हा व्यवहार कसा रचला होता ते इथे उलगडून सांगत आहोत.

सर्वात आधी वय, कारण थोराडपणाची सगळी बढाई त्याच्यावर उभी होती. "दीड वर्षाचा हाय भाऊ, अन् अंग पाहा! रक्तच तसं हाय." तीन वर्षांचं जनावर दीड वर्षाचं म्हणून दाखवलं की कोणताही गोऱ्हा थोराड दिसतो. गुरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खाली आठ असतात. देशी जनावरात मधली पक्की जोडी साधारण दोन ते अडीच वर्षांत येते, दुसरी तिसऱ्या वर्षाच्या आसपास, तिसरी साडेतीन-चारला आणि शेवटची साडेचार-पाचला. दुधाचा दात लहान, पांढरा आणि मुळाशी बारीक असतो. पक्का दात त्याच्या जवळपास दुप्पट रुंद, किंचित पिवळसर असतो आणि नवा असताना त्याची कड खरबरीत लागते. एकदा पाहिला की डोळा चुकत नाही. म्हणूनच विकणारा तोंडाला हात लावू देत नाही, जनावर मारकं आहे असं सांगतो. वेसण धरून, दाव्याला आखूड बांधून कोणत्याही गोऱ्ह्याचे दात दोन मिनिटांत पाहता येतात. जो पाहू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

वजनाचंही तसंच. ४०० किलो सांगितलं होतं. शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, दोन्ही इंचांत मोजा. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. उत्तर किलोत येतं. या गोऱ्ह्याचा घेर ६० इंच आणि लांबी ५४ भरली, म्हणजे सुमारे २९५ किलो. पाच-दहा टक्के इकडेतिकडे होईल, शंभर किलोचा फरक पडत नाही.

आता जात. खिल्लाराची शिंगं लांब, टोकदार, आधी मागे जाऊन वर वळलेली असतात. चेहरा निमुळता, कपाळावर मधोमध खाच, कातडी अंगाला घट्ट, गळ्याची पोळी अगदी कमी. या गोऱ्ह्याची शिंगं आखूड होती. ती काचेने तासून, टोक काढून, तेल लावून चकचकीत केली होती. तासलेल्या शिंगावर बोट फिरवलं तर बुडाच्या नैसर्गिक कड्या अचानक संपतात आणि वरचा भाग गुळगुळीत लागतो. पोळी सैल आणि लोंबती होती, वशिंड एका बाजूला कललेलं. ही सगळी गवळाऊची लक्षणं. गवळाऊ ही वर्धा जिल्ह्याची, आर्वी-आष्टी-कारंजाच्या पट्ट्यातली आपली स्वतःची जात. हलक्या बांध्याची, चालीला चपळ. तिच्यासाठी हेटीकुंडीला सरकारी पैदास केंद्र आहे. तिच्यात कमीपणा काहीच नाही आणि चांगला गवळाऊ गोऱ्हा पटात जरूर घ्यावा. पण तो गवळाऊ म्हणून, गवळाऊच्या भावात घ्यावा. इथे दुसऱ्या जातीचं नाव आणि न दिसणारा बाप यांचे पैसे घेतले गेले.

बापाचा दावा तारखांवर तपासता येतो, आणि तपासायलाच हवा. गाय फळल्यापासून साधारण २८० ते २८५ दिवसांत विते. त्यामुळे गाय कधी लावली आणि वासराचा जन्म कधीचा, या दोन्ही तारखा वेगवेगळ्या माणसांकडून विचारा. जन्म या हिशेबापेक्षा वीस-बावीस दिवस उशिरा निघाला तर गाय पुढच्या माजावर दुसऱ्याच वळूने भरली असण्याची शक्यता मोठी, कारण माजाचं चक्र २१ दिवसांचं असतं. दुसरी तपासणी कायद्याच्या तारखांची. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली, १६ डिसेंबर २०२१ ला महाराष्ट्रात सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या सात वर्षांत रीतसर पट भरतच नव्हते. मग २०१७ किंवा २०१९ सालच्या 'जिंकलेल्या' आजोबांचे दाखले कुठून येतात, हा प्रश्न तोंडावर विचारा. तळेगाव दशासर किंवा लाखनीच्या पटात नंबर काढल्याचं सांगितलं, तर साल, गट आणि जोडीतला दुसरा बैल कोणाचा होता ते विचारून आयोजकांकडून खात्री करून घ्या. खरा मालक हे सगळं न अडखळता सांगतो.

कानातला बिल्लाही पाहा. पशू-आधारचा, म्हणजे जनावराच्या सरकारी ओळख क्रमांकाचा, पिवळा बिल्ला बारा अंकी असतो आणि त्या क्रमांकावर मालक, जात, वय, लसीकरण यांची नोंद असते. कृत्रिम रेतनाने वासरू झालं असेल तर आईच्या क्रमांकावर रेतनाचीही नोंद मिळायला हवी. या गोऱ्ह्याच्या कानात भोक होतं, बिल्ला नव्हता. 'झुडपात तुटला' हे उत्तर मिळालं. बिल्ला खरोखर तुटतो, पण दवाखान्यात जुना क्रमांक सापडतो आणि नवा बिल्ला मिळतो. तो मारून घेईपर्यंत पैसे थांबवता आले असते.

रक्त खरं असलं, तरी त्यातून नेमकं काय मिळतं हे घेणाऱ्याला नीट ठाऊक असलं पाहिजे. बऱ्याच फसवणुका या एकाच गैरसमजावर चालतात. उंची, हाडपेर, रंग, शिंगांची ठेवण या गोष्टी वासरात बऱ्यापैकी उतरतात. धाव तशी सरळ उतरत नाही. तिच्यात फुप्फुसं, सांधे, खुरांचा कडकपणा, अंगाचं वजन, बुजरेपणा की धीटपणा, सराव आणि धुरकरी (जोडी हाकणारा) असं सगळं मिसळलेलं असतं. वळू अर्धंच देतो, आणि ते अर्धं प्रत्येक वासरात वेगळं पडतं. म्हणून एकाच गायीची, एकाच वळूची दोन वासरं सारखी धावत नाहीत. उरलेलं अर्धं गायीचं. शिवाय पहिल्या महिन्यांत वासराला किती दूध मिळालं, जंताचं औषध वेळेवर पडलं का, यावर त्याची वाढ ठरते. मोठ्या बापाचं उपाशी वासरू छोटंच राहतं. आणि मोठं म्हणजे वेगवान असंही नाही. जड बैल सुटायला उशीर करतो, त्याच्या पुढच्या पायांच्या सांध्यांवर जास्त भार येतो आणि उन्हात तो लवकर धापा टाकतो. पटाला मध्यम वजनाचा, लांब पायांचा, अरुंद पोटाचा, काळ्या कडक खुरांचा गोऱ्हा पाहावा.

इंग्लंड-आयर्लंडमध्ये शर्यतीच्या ग्रेहाऊंड कुत्र्यांची पैदास पिढ्यान्‌पिढ्या लेखी नोंदवलेली असते आणि पिल्लाच्या कानात लहानपणीच ओळखीची खूण गोंदतात. एवढ्या काटेकोर नोंदीनंतरही विजेत्याची बहुतेक पिल्लं बापाच्या तोडीची निघत नाहीत. मग जिथे वही नाही, बिल्ला नाही, तिथे फक्त बापाच्या नावासाठी लाखभर जास्त मोजायला आधार काय?

'दोन्हीकडून एकच रक्त' हेही गुण म्हणून सांगितलं जातं. बाप आणि लेक एकत्र लावले तर वासराचा अंतःप्रजनन गुणांक (आई-बापाचं रक्त किती जवळचं आहे त्याचं माप) २५ टक्के येतो, एका बापाची सावत्र भावंडं लावली तर साडेबारा. अशा वासरांत वाढ खुंटणं, रोगांना लवकर बळी पडणं, पुढे वळू म्हणून फळवताना गायी न भरणं, हे धोके वाढतात. यासाठी जास्त पैसे देऊ नका.

धाव दाखवतानाही बनाव होता. पहिला भाग व्हिडिओचा. तो सव्वापट वेगाने चालवलेला होता. हे ओळखायला बैलाकडे नाही, कडेला चालणाऱ्या माणसांकडे पाहायचं. त्यांची पावलं, हातांची हालचाल तुटक आणि घाईची दिसते. आवाज काढून वर गाणं लावलं असेल तर हमखास संशय धरा. दुसरा भाग अंतराचा. १०० मीटर ८ सेकंदांत, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर. पण पट्टी ८५ मीटरच असेल तर तोच वेग ३८ वर येतो. वावराला थोडा उतार असला तर आणखी फसगत. टेप स्वतः धरून मोजा आणि दोन्ही दिशांनी पळवून पाहा.

तिसरी युक्ती सर्वात जुनी. गोऱ्ह्याशेजारी मुरलेला, वेगवान बैल जुंपतात. जोडीतला एक जोरदार असला की दुसरा त्याच्याबरोबर ओढला जातो आणि वेळ दोघांच्याही नावावर चढते. आपला ओळखीचा बैल सोबत घेऊन जा. त्याची नेहमीची वेळ तुम्हाला माहीत असते. गोऱ्हा एकदा डाव्या आणि एकदा उजव्या बाजूला जुंपून पाहा. आपला बैल जू तिरपं करून पुढे निघत असेल तर नवा मागे पडतोय.

लंगडणं दडवायला वेदनाशामक इंजेक्शन दिलेलं असतं. त्याचा असर एक-दोन दिवस टिकतो, स्टेरॉइडचा त्याहून जास्त. सौद्याच्या दिवशी मानेवर सुईची गाठ आहे का पाहा, मागचे सांधे आणि खूर हाताने चाचपून एकीकडे जास्त गरम लागतंय का ते बघा. कडक जमिनीवर सरळ चालवा, मग दोन्ही बाजूंनी लहान गोलात वळवा. दुखरा पाय वळताना उघड पडतो. खरी खबरदारी म्हणजे स्वतःच्या पशुवैद्यकाची तपासणी आणि आठ दिवसांची परतीची अट.

'पटाच्या वळूची रेतकांडी', म्हणजे गोठवलेल्या वीर्याची नळी, विकणारेही फिरतात. मान्यताप्राप्त केंद्राच्या कांडीवर वळूचा क्रमांक, जात, केंद्राचं नाव आणि तारीख छापलेली असते, आणि ती उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्येच ठेवावी लागते. त्या केंद्रातल्या वळूंच्या क्षयरोग, ब्रुसेलोसिस अशा रोगांच्या चाचण्या होतात. थर्मासमध्ये बर्फावर आणलेली कोरी कांडी गायीला लावू नका. गाय भरणार नाही ते वेगळंच, ब्रुसेलोसिस गोठ्यात शिरला तर गायी गाभडतील, आणि तो माणसालाही होतो.

बापाबद्दल वाद कोर्टात जाणार असेल तर डीएनए तपासणीने तो मिटतो. गुजरातेत आणंद इथल्या राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाच्या प्रयोगशाळेत पितृत्व तपासलं जातं. वासरू आणि वळू दोघांचे नमुने लागतात, आईचा मिळाला तर उत्तम. विकणारा वळूचा नमुना द्यायला तयार आहे का, हे सौद्याच्या आधीच विचारा.

फसवणूक झालीच तर जनावर परत पाठवण्याची घाई करू नका, पुरावा तुमच्याच गोठ्यात आहे. त्याच दिवशी पशुवैद्यकाकडून वय, जात आणि लंगडेपणाचा लेखी दाखला घ्या. व्हिडिओ, संदेश, पैसे पाठवल्याच्या पावत्या पुसू नका. फोनवरून पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा, आणि पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली फिर्याद द्या. या कास्तकाराकडे इसाराची चिठ्ठी नव्हती, त्यामुळे रोख दिलेली रक्कम सिद्ध करणं अवघड गेलं. चिठ्ठीत बिल्ला क्रमांक, सांगितलेलं वय, जात, बापाचं नाव, किंमत आणि 'यातलं काही खोटं निघाल्यास आठ दिवसांत पूर्ण रक्कम परत' एवढं लिहून दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. त्यावर सही करायला विकणारा तयार नसेल तर इसार देऊ नका.