मिलचं आवार की लालबागचा गाळा?

तालमीसाठी, नेपथ्याच्या कामासाठी किंवा छोट्या स्टुडिओसाठी गिरणगावात, म्हणजे मुंबईच्या लालबाग-परळकडच्या जुन्या कापडगिरण्यांच्या भागात, जागा शोधणारे बरेच जण हल्ली भेटतात. त्यातल्या अनेकांना मनापासून वाटतं, की आपल्या येण्यानं या भागात पुन्हा जान यावी. मलाही तसंच वाटतं. आमच्या नाट्यसंस्थेनं आधी लोअर परळच्या एका मिलच्या आवारात जागा घेतली होती. तिथला करार संपल्यावर आम्ही लालबागच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या गाळ्यात आलो. भाडं, डिपॉझिट, चौरस फूट हे दलाल सांगेलच. त्यापलीकडचं मी सांगतो.

आधी मिलच्या बाजूचं. साचे, म्हणजे माग, चालायचे त्या शेडची उंची आणि दातेरी छपरातून येणारा उत्तरेकडचा उजेड आज कुणी बांधून देणार नाही. लाइटची माणसं त्या उंचीवर खूश असतात. थ्री-फेज वीज तयार, संडास-बाथरूम स्वच्छ. रात्री उशिरापर्यंत मुली तालमीला असतात तेव्हा ही गोष्ट छोटी नसते. प्रायोजकाला भेटायला बोलावलं तर तो येतो, पत्ता विचारत नाही. चित्रांची गॅलरी किंवा डिझाइनचं ऑफिस काढायचं असेल, म्हणजे येणारा माणूस वेळ घेऊन गाडीतून येणार असेल, तर मी मिलच सुचवीन.

पण त्या आवारात कला कोणत्या वाटेनं आली, हेही बघायला हवं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि त्यानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमानं गिरण्यांच्या जमिनीची ढोबळ तीन भागांत वाटणी ठरवली: मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. २००१ च्या बदलानं ही वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये तो बदल कायम ठेवला. मग टॉवर आले, मॉल आले. पाडायचं की ठेवायचं हे ठरेपर्यंत ज्या शेड उभ्या राहिल्या, त्यांत स्टुडिओ, गॅलऱ्या आणि संगीताच्या जागा आल्या. मथुरादास मिलमध्ये २००७ साली सुरू झालेलं ब्लू फ्रॉग हे लाइव्ह संगीताचं ठिकाण शहराच्या संगीताला केवढा मोठा आधार होतं! २०१६ मध्ये ते तिथून गेलं. मिलच्या आवारात कला ही मधल्या काळाची भाडेकरू आहे, असं माझं मत झालंय. दुसऱ्या कुणाचा अनुभव वेगळा असू शकेल.

तरीही आम्ही तिथेच राहिलो असतो. नडलं ते गेट.

आवाराला एकच गेट, त्यावर सिक्युरिटी. येणाऱ्या प्रत्येकाचा फोटो, मोबाइल नंबर, कुणाकडे जायचंय ते. मग गार्ड आत फोन लावून परवानगी घेणार. नियम म्हणून यात वावगं काही नाही. पण तालमीत फोन बंद असतात. आमच्या एका ऐतिहासिक नाटकाच्या नऊवाऱ्या समोरच्या चाळीतल्या एक काकू शिवत होत्या. गिरणी सुरू असताना त्यांचे यजमान त्याच आवारात कामाला होते. काकू कपड्यांचं बोचकं घेऊन गेटवर आल्या, गार्डनं फोन लावला, आमच्याकडून कुणी उचलला नाही आणि त्या परत गेल्या. असं पुन्हा पुन्हा व्हायला लागलं. पुढे त्या म्हणाल्या, "तुम्हीच घरी येऊन घेऊन जात जा बाबा, मला तिथं उभं राहायला नको वाटतं." चाळीतली मुलं तालीम बघायला यायची, तीही हळूहळू थांबली. टेम्पोला दिवसा प्रवेश नव्हता, त्याचं एवढं वाटलं नाही, नेपथ्याच्या चौकटी आणि चौथरे आम्ही रात्री उतरवून घ्यायचो. पण ज्या वस्तीसाठी आपण इथे आलो असं म्हणत होतो, तीच वस्ती आमच्या दारात पोचत नव्हती. याच गिरण्यांच्या दारांवर एके काळी कामगारांच्या द्वारसभा भरायच्या, हे मनातून जात नव्हतं.

लालबागच्या गाळ्याला गेट आहे, पण ते दिवसभर उघडंच असतं. जिना चढून कुणीही वर येतं. छत मिलच्या निम्म्यानंही उंच नाही, मालाची लिफ्ट कधी चालते कधी नाही, संडास तीन गाळ्यांत मिळून एक. लाल मिरचीच्या दिवसांत कांडपाचा खकाणा वर येतो आणि ऐन संवादात नट खोकायला लागतात. पण आमच्या खालीच गणपतीचा कारखाना आहे. नाटकात वडाचं झाड हवं होतं. बांबू आणि जाळीवर प्लास्टर चढवलं की दोन दिवसांत भेगा पडायच्या. खालचे मूर्तिकार चहा घेऊन वर आले, झाडाकडे बघून म्हणाले, "अहो, आत काथ्या नाही घातलात? नुसता थर धरत नाही." त्यांनी प्लास्टरमध्ये भिजवलेला काथ्या बांबूवर पट्टीपट्टीनं दाबत कसा बसवायचा ते स्वतः करून दाखवलं. ते झाड पुढच्या सगळ्या दौऱ्यात टिकलं. त्यांच्याकडची दोन मुलं आता आमच्यासाठी नेपथ्य रंगवतात, आणि त्याचे पैसे त्यांना मिळतात.

"परळचं काळा घोडा करू" असं ऐकू येतं. काळा घोडा परिसरात जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून होती, शेजारी म्युझियम होतं. १९९९ मध्ये सुरू झालेला कला महोत्सव त्या पायावर उभा राहिला. लालबाग-परळ-चिंचपोकळीचा पाया वेगळा आहे: मूर्तिकार, साचेकार, सुतार, मंडपवाले, रोषणाईवाले, कपडे शिवणाऱ्या बायका. इथे सर्जनशील उद्योग बाहेरून आणावा लागत नाही, त्याला बाराही महिने काम मिळवून द्यावं लागतं. दादरला छबिलदास शाळेच्या सभागृहात सत्तरच्या दशकात 'आविष्कार' या नाट्यसंस्थेनं प्रायोगिक रंगभूमीला घर दिलं, तेही सोयींच्या जोरावर नव्हे. जागा साधी होती आणि दार उघडं होतं.

वर्सोव्याचं आराम नगर अनेकांच्या यादीत असतं. ऑडिशन, वेब सिरीज, कॅमेऱ्यापुढचं काम असेल तर बेलाशक तिकडे जा, २०१४ पासून मेट्रोही आहे. नाटकवाल्यांना, विशेषतः डोंबिवली-कल्याणहून येणाऱ्यांना, मध्य रेल्वेवरून थेट पोचायची सोय तिथे मिळत नाही. करी रोड आणि चिंचपोकळी मात्र मिल आणि गाळा दोन्हींना सोयीचे.

गाळा घेणार असाल तर आधी त्याचा मंजूर वापर कोणता आहे ते कागदावर बघा, गुमास्ता परवाना त्या पत्त्यावर निघेल का विचारा, बेस्टकडून विजेचा लोड किती मंजूर आहे ते तपासा. बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, हे दोन्हीकडे स्वतः चालून बघा. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलच्या आवारातल्या आगीत १४ जीव गेले. ज्या जागेत माणसं गोळा होणार, तिथे हा प्रश्न भाड्याच्या आधी येतो. पुनर्विकासाची टांगती तलवार गाळ्यावरही आहेच, तेव्हा मालकाशी नोटिशीच्या मुदतीबद्दल स्पष्ट बोला. गणपतीच्या आधी सुतार मिळत नाही आणि उत्सवाच्या दिवसांत टेम्पो आत येत नाही, म्हणून नवा प्रयोग त्या सुमाराला लावू नका. हंगामापुरते घेतलेले काही गाळे अनंत चतुर्दशीनंतर रिकामे होतात. चौकशीला तेव्हाच जा, आणि दलालाआधी खालच्या कारखान्यात विचारा.