पाळणाघरातले आजारपण: घरी पाठवावे की वेगळे ठेवावे?

बेळगावच्या टिळकवाडीतल्या दोन खोल्यांच्या पाळणाघरात दुपारी एखादे मूल तापते, तेव्हा आई उद्यमबागेतल्या कारखान्यात पाळीवर आणि वडील खानापूरला, अशी स्थिती बहुधा असते. मुलाला तातडीने घरी पाठवावे की संध्याकाळपर्यंत आतल्या खोलीत वेगळे ठेवावे, हे मग सांभाळणारीलाच ठरवावे लागते.

नुसती सर्दी असेल आणि मूल खेळत-जेवत असेल, तर वेगळे ठेवणे पुरेसे आहे. तेवढ्यासाठी घरी पाठवणे मला अनाठायी वाटते. मात्र ताप 100.4 अंश फॅरनहाइटच्या वर गेला किंवा मूल मलूल झाले, तर घरी पाठवणेच बरे, कारण बाई एकटी असली की आजारी मुलाला मांडीवर घेतलेले तेच हात थोड्या वेळाने दुसऱ्याचा वरणभात कालवतात. जुलाबात तर वेगळी खोली नावापुरतीच राहते: लंगोट बदलल्यावर दर वेळी साबणाने हात धुवावे लागतात, सॅनिटायझरवर भागत नाही, आणि पालक येईपर्यंत ओआरएस घोटघोट पाजत राहावे लागते. कांजिण्यांमध्ये निवडीला वावच नाही. सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत मूल घरीच हवे.

घरी पाठवण्याची उणीव एवढीच, की दुसऱ्या दिवशी सकाळी पॅरासिटामॉल पाजून मूल आणून सोडण्याचा मोह पालकांना होतो आणि चार-सहा तासांत औषध ओसरले की ताप पुन्हा चढतो. त्यामुळे औषधाविना 24 तास ताप नसेल तरच मूल परत घेण्याची अट प्रवेशाच्या वेळीच लेखी द्यावी, शक्यतो मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत.