शाळा उघडण्यापूर्वीची दंततपासणी : एका बालदंत दवाखान्याचा अनुभव

आमच्या साडेसहा वर्षांच्या मुलाला कायमच्या दोन दाढा आल्या आहेत, हे आम्हाला दंतवैद्याच्या खुर्चीशेजारी उभे असताना समजले. दुधाचा दात पडल्यावाचून कायमचा दात येत नाही, अशी आमची पक्की समजूत होती. मात्र सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली कायमची दाढ कोणत्याही दाताची जागा घेत नाही. ती दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, हिरडीतून निमूटपणे वर येते. काही हलत नाही, काही पडत नाही, त्यामुळे घरात तिचे आगमन कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि ज्या दाढेने आयुष्यभर चावायचे आहे तिलाच आपण दुधाची समजून दुर्लक्षित ठेवतो. ज्या सेवेचे हे परीक्षण आहे, तिच्यातील ही एवढी एकच गोष्ट मिळाली असती तरी आमची खेप सार्थकी लागली असती.

केवळ लहान मुलांच्या दातांवर उपचार करणाऱ्या एका दवाखान्याने नवे शालेय वर्ष सुरू होण्यापूर्वी देऊ केलेली ही एकत्रित तपासणी होती. दातांची पाहणी, घासण्याचे शिक्षण, फ्लोराइड वार्निशचा, म्हणजे दाताचे आवरण बळकट करणाऱ्या द्रव्याचा, लेप आणि शेवटी एक लेखी टिपण एवढे तिच्यात समाविष्ट होते. एक्स-रे आणि सीलंट (दाढेच्या माथ्यावरच्या चिरा बुजवणारा थर) गरज असल्यासच आणि वेगळ्या शुल्कात. आमच्या काही तक्रारीही असल्यामुळे दवाखान्याचे नाव येथे देत नाही. मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी अशा दोघांना आम्ही नेले होते.

वेळ ठरवण्यासाठी फोन केला तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न आला तो शाळा कधी उघडणार याचा, आणि त्यापूर्वी किमान महिनाभर आधीची तारीख घ्या असे सांगण्यात आले. तो आग्रह मला त्या वेळी व्यावसायिक वाटला. पुढे त्याचे कारण पटले. कीड सापडली तर ती भरण्यासाठी दुसरी खेप लागते, आणि दाढ काढावी लागली तर तिची जागा राखून ठेवणारे उपकरण बसवण्यासाठी माप घ्यावे लागते व आणखी एक खेप वाढते. हे सारे शाळेच्या पहिल्या पंधरवड्यात आले तर मूल वर्गात रुळण्याआधीच त्याच्या सुट्ट्या सुरू होतात. आम्ही पाच आठवडे आधी गेलो, आणि मुलीच्या बाबतीत ती सवड कामी आली.

प्रत्यक्ष तपासणीविषयी मला चांगलेच लिहायचे आहे. डॉक्टरांनी फिरणारा मऊ ब्रश आधी मुलाच्या अंगठ्याच्या नखावर लावून दाखवला, त्याचा आवाज ऐकवला, आणि त्यानंतरच तो दाताला लावला. आधी सांगायचे, मग दाखवायचे आणि मग करायचे, ही बालदंतवैद्यकातील जुनी पद्धत आहे. पण ती घाई न करता पार पाडलेली पाहण्यात एक समाधान होते. दात मोठ्याने मोजण्यात आले आणि संख्या भरली 22. दुधाचे दात 20 असतात एवढे मुलाला ठाऊक होते, त्यामुळे त्याने लगेच हरकत घेतली. तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या हातात आरसा दिला आणि मागचे दोन जास्तीचे पाहुणे त्यालाच शोधायला लावले. डावीकडची दाढ पूर्ण उगवलेली होती. उजवीकडच्या दाढेचा मागचा अर्धा भाग अजून हिरडीच्या पापुद्र्याखाली होता.

नंतर वरच्या पुढच्या एका दातावर हवेचा झोत मारून तो कोरडा केला गेला. ओला असताना तो दात निर्दोष दिसत होता. कोरडा होताच हिरडीलगत खडूने ओढावी तशी एक पांढुरकी रेघ उमटली, आणि मुलाने जीभ फिरवताच ती पुन्हा दिसेनाशी झाली. किडीची ही पहिली पायरी आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. दाताच्या वरच्या कठीण आवरणातील खनिजे निघून जाऊ लागलेली असतात, पण खड्डा पडलेला नसतो. याच टप्प्यावर फ्लोराइड आणि घासण्यातील सुधारणा यांनी ती भरून येऊ शकते, आणि खड्डा पडल्यावर ती संधी उरत नाही. दुधाच्या दातांचे आवरण पातळ असल्याने या दोन टप्प्यांमधला काळही कमी असतो. वर्षभर रोज सकाळी पाहिलेल्या दातावरची ती रेघ आम्हाला कधीच दिसली नव्हती, कारण दात कोरडा करून कोण पाहतो?

मुलीच्या दोन दुधाच्या दाढांमध्ये, जेथे ब्रश पोचत नाही, तेथे काळसर छटा दिसली. एक्स-रे काढल्यावर मागच्या दाढेला आतून कीड लागल्याचे निष्पन्न झाले. पडणारीच दाढ आहे, तर भरायची कशाला, असे मी विचारले. बहुतेक पालक हेच विचारत असणार. उत्तर नेमके होते. ही दाढ साधारण 10 ते 12 या वयात पडते, म्हणजे तिला अजून एक ते तीन वर्षे काम करायचे आहे. ती आधीच काढावी लागली तर मागची कायमची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताला बाहेर पडायला वाट उरत नाही. आठवडाभराने दुसऱ्या खेपेत ती दाढ भरली गेली. मुलीच्या वरच्या पुढच्या दोन दातांमधील फटीबद्दलही आम्ही विचारले. बाजूचे सुळे खाली उतरू लागले की अशी फट पुष्कळदा आपोआप मिटते, आत्ता तारा लावण्याचे कारण नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. आणि तरीही बिल भरताना स्वागतकक्षातील ताईंनी दात सरळ करण्याच्या उपचारांचे रंगीत पत्रक आमच्या हाती ठेवले. आतले डॉक्टर एक सांगतात आणि बाहेरचे टेबल दुसरेच विकते, हा विसंवाद मला खटकला.

या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग कोणता, तर बेसिनपाशी घालवलेली पंधरा मिनिटे. दोन्ही मुलांना एक गोळी चघळायला दिली गेली. जेथे दातांवर थर साचलेला असतो तेथे तिचा रंग धरतो. मुलाच्या दातांचा बाहेरचा भाग बऱ्यापैकी स्वच्छ निघाला, पण खालच्या डाव्या बाजूचा आतला भाग, म्हणजे जिभेकडचा, गडद जांभळा झाला. नव्या दाढेचा माथाही तसाच. त्याचे कारण त्या वेळी प्रथमच कळले : वर येणारी दाढ काही महिने शेजारच्या दाढांपेक्षा खालच्या पातळीवर असते, त्यामुळे पुढून मागे फिरणारा ब्रश तिच्यावरून निघून जातो, तिला टेकतच नाही. तिच्यासाठी ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत घालून स्वतंत्रपणे फिरवावा लागतो. डॉक्टरांच्या सहायक ताईंनी मला मुलाच्या मागे उभे केले, त्याचे डोके माझ्या छातीला टेकवले, डाव्या हाताने गाल बाजूला धरायला लावला आणि उजव्या हाताने घासायला लावले. मी चुकलो तेव्हा निःसंकोच टोकले. सात-आठ वर्षांपर्यंत दिवसातून किमान एकदा मोठ्यांनीच दात घासून द्यावेत, असे त्यांचे म्हणणे होते. आम्ही मात्र मुलगा चार वर्षांचा झाल्यापासून त्याच्या स्वावलंबनाचे कौतुक करत आलो होतो.

पेस्ट किती घ्यावी हेही बोटावर घेऊन दाखवले गेले : तीन वर्षांखालील मुलांसाठी तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली पेस्ट दिसते, तिच्याशी याचा काही संबंध नाही. घासून झाल्यावर पेस्ट थुंकायची, पण खळखळून चूळ भरायची नाही, कारण दातांवर राहिलेले फ्लोराइडच पुढे काम करते. ही सवय मोडणे आमच्या घरात सर्वांत अवघड ठरले आहे, आणि त्यात मुलांपेक्षा मीच मागे आहे.

सीलंट फक्त डाव्या दाढेला लावण्यात आला. दाढेच्या माथ्यावरच्या खोल, अरुंद चिरांमध्ये ब्रशचा केसही शिरत नाही. त्या चिरा राळेसारख्या पातळ द्रवाने भरून निळसर प्रकाशाने कठीण करायच्या, एवढीच ती कृती. भूल नाही, कोरणे नाही. पण दात त्या काही मिनिटांत पूर्ण कोरडा राहिला पाहिजे, आणि उजव्या दाढेवर हिरडीचा पापुद्रा असल्याने ते शक्य नव्हते. दोन दाढांचे शुल्क घेऊन दोन्ही उरकणे सोपे होते. डॉक्टरांनी तसे केले नाही, दोन-तीन महिन्यांनी या म्हणून सांगितले. सीलंट दोन दातांमधल्या फटीतील कीड रोखत नाही आणि त्याचा तुकडा उडू शकतो, म्हणून दर तपासणीत तो पाहावा लागतो, हेही न विचारता सांगितले गेले.

वार्निशच्या बाबतीत मात्र पूर्वसूचना अपुरी होती. लेप लावायला मिनिटभरही लागला नाही, पण त्यानंतर त्या दिवशी दात पिवळसर आणि चिकट दिसतात, कडक व गरम काही खायचे नाही आणि रात्री घासायचे नाही, ही माहिती लेप लावून झाल्यावर मिळाली. त्याच संध्याकाळी मुलीच्या मैत्रिणीचा वाढदिवस होता. तिने सगळ्या छायाचित्रांत ओठ घट्ट मिटून ठेवले आहेत.

खाण्याविषयीचे मार्गदर्शन घाईत उरकले गेले. भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवून गोड कमी द्या असे सांगणे पुरेसे नाही, कारण किती गोड खाल्ले यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ले याला अधिक महत्त्व आहे. प्रत्येक वेळी तोंडातील जिवाणू साखरेचे आम्ल करतात, सामू (आम्लता दाखवणारा आकडा, pH; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की आवरणातील खनिजे विरघळू लागतात, आणि लाळेला ते सावरायला बराच वेळ लागतो. बाटलीतले गोड पेय तासभर घोट घोट पिणारे मूल दातांना तो वेळच देत नाही. शाळेच्या बाटलीत फक्त पाणी असावे, हे एक वाक्य तरी टिपणात हवे होते. ते आम्ही स्वतः लिहून घेतले.

प्रतीक्षेबद्दलही तक्रार आहे. दिलेल्या वेळेनंतर आम्ही पाऊण तास बाहेर बसलो, आणि तोवर एरवी चौकशीला उत्साहाने उत्तरे देणारा मुलगा कंटाळून गेला होता. निघताना दिलेल्या भेटपिशवीत माउथवॉशची लहान बाटली होती, जिच्या लेबलवरच सहा वर्षांखालील मुलांनी वापरू नये असे छापलेले होते, आणि तीच पिशवी बाहेर बसलेल्या तीन-चार वर्षांच्या मुलांनाही दिली जात होती. खर्चाचा अंदाज मात्र आधी लेखी मिळाला आणि बिल त्याबाहेर गेले नाही.

लेखी टिपणासोबत एक पान जोडलेले होते, ज्याची आम्ही अपेक्षा केली नव्हती : शाळेत पडल्यामुळे दात निखळला तर काय करावे. कायमचा दात असेल तर तो चावण्याच्या बाजूने धरावा, मुळाला हात लावू नये, तो घासू नये. मळला असेल तर क्षणभर धुऊन शक्यतो जागच्या जागी बसवावा, नाहीतर दुधात ठेवून अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे पोचावे. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, कारण त्याखालच्या दाताला इजा होऊ शकते. त्या पानाची एक प्रत आम्ही दोन्ही मुलांच्या वर्गशिक्षकांना दिली. मुलीच्या बाईंनी ती वाचून, दात कागदात गुंडाळून घरी पाठवला असता, असे प्रांजळपणे सांगितले.

उजव्या दाढेसाठी दवाखान्याकडून आठवण करून देणारा संदेश येईल असे सांगितले होते. तो आला नाही. अडीच महिन्यांनी आम्हीच फोन केला. पापुद्रा मागे सरकला होता, दाढेचा माथा पूर्ण उघडा झाला होता, आणि शाळा सुटल्यावरच्या दहा मिनिटांत सीलंट लावून झाला. या वेळी मुलाने गोळी स्वतः मागून घेतली आणि आरशात तोंड वासून पाहिले. डावीकडचा आतला भाग पांढरा होता. उजवीकडे अजून थोडा जांभळा.