घरगुती पल्सर: ॲव्हलांच की ७४एसी१४?

ऑसिलोस्कोपचा (स्कोपचा) रिस्पॉन्स किंवा कोॲक्स केबलचा दोष तपासायला घरी वेगवान पल्सर, म्हणजे झटकन चढणारा विजेचा पल्स देणारं सर्किट करायचं, तर दोन पर्याय पुढे येतात. एक ॲव्हलांचचा, म्हणजे ट्रान्झिस्टरला ब्रेकडाउन व्होल्टेजपर्यंत ताणून एकदम वाहायला लावायचं; दुसरा ७४एसी१४ चा, म्हणजे सहा इन्व्हर्टर गेटं असलेल्या साध्या लॉजिक चिपचा. मी दोन्ही करून बसलोय.

ॲव्हलांचची ऐट काही औरच. ॲनालॉग सर्किटं रचणाऱ्या जिम विल्यम्स यांच्या १९९१ च्या ॲप्लिकेशन नोटमधला २एन२३६९ ट्रान्झिस्टर, ९० व्होल्ट, २ पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि समोर ३५० पिकोसेकंदांचा एज, म्हणजे पल्सचा चढ! एवढ्या चार-दोन पार्टांत एवढा वेग दुसरं काही देत नाही. पण त्याच नोटमध्ये ५० ट्रान्झिस्टर तपासून ८२ टक्केच चालल्याचं लिहिलंय. ते वाक्य मी वाचलं आणि पुढे गेलो. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या डझनातले चारच पेटले. छाप सगळ्यांवर तोच होता. आत काय होतं देव जाणे.

तेही चाललं असतं. पण चाललेला ट्रान्झिस्टर दुसऱ्या दिवशी गप्प. तापमान वाढलं की ब्रेकडाउन व्होल्टेजही चढतं, म्हणून सकाळी लावलेला ट्रिमपॉट (व्होल्टेज जुळवायचा स्क्रू) दुपारी पुन्हा फिरवायचा. थोडा जास्त फिरला की पल्सची लय बदलते. एकदा केबलमध्ये दोष आहे म्हणून तासभर कनेक्टर उकलत बसलो. केबल ठणठणीत होती, पल्सरच रुसला होता. ज्याने दुसऱ्याची परीक्षा घ्यायची त्याचीच आधी परीक्षा घ्यायची, हे मला झेपलं नाही.

७४एसी१४ ची तक्रार वेगळी: रिंगिंग, म्हणजे एजनंतर सिग्नल थरथरत राहणं. ब्रेडबोर्डवर तर बघवत नाही. कॉपर क्लॅडवर (तांब्याचा पत्रा चढवलेल्या बोर्डवर) चिप उलटी चिकटवा, पिन १४ आणि ७ (सप्लाय आणि ग्राउंड) च्या अगदी बुडाशी ०.१ मायक्रोफॅरडचा चिप कपॅसिटर लावा. एक गेट ऑसिलेटरला, उरलेली पाच समांतर. प्रत्येकाच्या आउटपुटला साधारण २४० ओहम, म्हणजे मिळून ५० च्या आसपास. तरी रिंगिंग दिसलं तर सर्किटला हात लावण्याआधी प्रोबची लांब ग्राउंड वायर काढा. माझं निम्मं रिंगिंग तिचंच निघालं.

वेग कमी, हे कबूल; दीड-दोन नॅनोसेकंद धरा. पण माझा स्कोप १०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे तो स्वतःच साडेतीन नॅनोसेकंद खातो. ३५० पिकोसेकंदांचा एज त्यावर साधारण ३.५ दिसणार, दीड नॅनोसेकंदांचा ३.८. एवढ्यासाठी ९० व्होल्ट कशाला पाळायचे? तुमच्याकडे ५०० मेगाहर्ट्झचा स्कोप असेल तर गोष्ट निराळी, मग ॲव्हलांचच करा, आणि ट्रान्झिस्टर पाचपट आणा.

माझा ॲव्हलांचवाला खणात आहे. डब्यावर चिकटपट्टी लावून ‘८७ व्होल्ट’ लिहिलंय. परवा सहज लावून बघितला, तर ८९ लागले.