झटपट फिगर की तासाभराची पोज?

फिगर ड्रॉइंग, म्हणजे माणसाच्या शरीराचं रेखाटन, शिकायचंय आणि दिवसाला जेमतेम अर्धा तास मिळतोय. तो एकाच पोजला द्यावा, की दोन-दोन मिनिटांच्या रेखाटनांना? मी झटपट रेखाटनांच्या बाजूचा आहे, आणि गोव्यात राहणाऱ्याला तर आग्रहानं तेच सांगेन.

दोन मिनिटांत नाक-डोळे काढायला सवडच नसते. नजर थेट पाठीच्या वळणावर जाते, शरीराचा भार शोधते. माणूस एका पायावर रेलला की त्या बाजूची कंबर वर चढते, खांदा खाली उतरतो आणि गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा भार पेलणाऱ्या पावलापाशी येतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मयड्याच्या केळ्यांचा घड उचलणारी बाई पाहा. घड जड असेल तर दुसऱ्या बाजूला झुकलेलं तिचं अंगच ते सांगतं. ते झुकणं एका रेषेत सापडलं की वहीतलं पान जिवंत होतं, मग बोटं काढायची राहिली तरी चालतं. फ्रेंच शिल्पकार रोदँ तर हलत्या मॉडेलवरून नजर न काढता, कागदाकडे न बघताच रेषा ओढायचा. त्या चित्रांत अवयवांची मापं बिघडतात, हालचाल मात्र शाबूत राहते. मला त्यांचं वेड आहे ते त्यासाठीच.

सरावाला पणजी–बेती फेरीबोटही उत्तम. प्रवास काही मिनिटांचाच, त्यामुळे रेंगाळता येत नाही. बॉलपेन घ्या, खोडायचा मोह टळतो, आणि पावसाळ्यात दमट कागदावर पाण्यात विरघळणारी शाई फुटते तशी ही फुटत नाही. कुणाला संकोच वाटतोय असं दिसलं तर वही मिटा.

लांब पोजची गरज मात्र नाकारू नका. गुडघ्याची रचना, अंगावरच्या छायेचे टप्पे, आपल्या दिशेनं पुढे आलेल्या हाताची आखूड दिसणारी लांबी हे घाईत उमगत नाही. पणजीतल्या फोंतेन्हासमध्ये गोमंतकीय चित्रकार आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांची व्यक्तिचित्रं पाहिली की संथ निरीक्षणाचं मोल कळतं. नुसत्या झटपट रेषांवर राहिलात तर हाताला ठरावीक वळणं लागतात आणि वहीतली सगळी माणसं एकाच घरची दिसू लागतात.

म्हणून रोजचा अर्धा तास बाजाराला, फेरीबोटीला द्या आणि लांब पोज सुट्टीच्या दिवसासाठी ठेवा. घरच्याच कुणाला तरी बसवा, वीस मिनिटांनी उठू द्या. पावलांभोवती आधीच खडूनं खुणा केल्या, तर तीच पोज पुन्हा लावता येते.