लाल, काळी की पोयटा? अंगणातल्या लॉनसाठी माती मागवताना

बांधकाम संपतं, रंग होतो आणि मग घरापुढच्या अंगणाकडे लक्ष जातं. तिथे विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं आणि मुरूम यांची कशीबशी सपाटी केलेली असते. लॉनवाला येतो, एक नजर टाकतो आणि सांगतो, "साहेब, चार गाड्या लाल माती टाकावी लागेल." माती विकतच आणायची, ती लालच असायची आणि 'गाडी' हे तिचं माप, हे सगळं त्याने परस्पर ठरवलेलं असतं. पैसे तुमचे जाणार असल्याने तुम्ही ते तसंच मान्य करू नका.

हा आढावा पुणे, नाशिक, सातारा अशा देशावरच्या गावांत साधारण 500 चौरस फुटांचं अंगण असलेल्यांसाठी आहे.

आधी कुदळ

मातीवाल्याला फोन करण्याआधी अंगणात तीन-चार ठिकाणी फूटभर खोल खणून बघा. वर राडारोडा आणि खाली मूळची माती असं बऱ्याचदा निघतं. मग राडारोडा उचलून टाकणं, खालची माती खणून मोकळी करणं आणि त्यात कुजलेलं शेणखत मिसळणं यातच निम्मं काम होतं. राडारोड्यावरच नवी माती पसरली तर पहिल्या पावसाळ्यात लॉन छान दिसतं. एप्रिल आला की जिथे खाली सिमेंटचं ढेकूळ आहे नेमक्या तिथेच पिवळे डाग उमटतात. शिवाय सिमेंट आणि चुन्यामुळे मातीचा सामू, म्हणजे पीएच, वाढतो तो वेगळाच.

खाली नुसता मुरूम किंवा कातळ लागला तर माती आणण्यावाचून इलाज नाही. पण जी माती मुळात चांगली आहे तिला खत घालून सुधारणं हे बाहेरची चार गाड्या माती ओतण्यापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ, असं माझं स्पष्ट मत आहे. लॉनवाला हे सुचवणार नाही, कारण त्यात त्याला फारसं काही सुटत नाही.

काळी माती

दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून झालेली ही माती अन्नद्रव्यं आणि पाणी दोन्ही भरपूर धरून ठेवते, म्हणून शेतकरी तिला मानतो. लॉनसाठी मात्र हाच गुण आडवा येतो. तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. जुलैत तिच्यावर पाणी साचतं, पाय टाकला की ठसा उमटतो आणि मे महिन्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. लॉनची पातळी दरवर्षी वरखाली होते. जोत्याला किंवा कंपाउंडच्या भिंतीला लागून ही माती भरली तर तिच्या फुगण्याचा दाब भिंतीवर येतो, म्हणून तिथे तर नकोच.

दुसरी अडचण चुनखडीची. काळ्या मातीचा सामू सहसा 7.5 ते 8.5 असतो. अशा मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. अनंत, एक्झोरा, लिंबू यांची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या की कारण बहुधा हेच असतं. मातीच्या ढेकळावर व्हिनेगर टाकून बघा. बुडबुडे आले तर चुना भरपूर आहे.

"त्यात वाळू टाका, सुटी होईल" हा सल्ला नर्सरीत हमखास मिळतो. थोडी वाळू घातल्याने काळी माती सुटी होत नाही, उलट विटेसारखी घट्ट बसते. फरक पडायला जवळजवळ निम्म्याने वाळू लागते आणि तेवढ्या वाळूच्या पैशांत दुसरी माती येते. कुजलेलं खत मिसळणं हाच खरा उपाय. अंगणात काळी माती आधीच असेल तर फेकू नका, सुधारून घ्या. लॉनसाठी ती विकत मात्र आणू नका. भाजीच्या वाफ्यात खत मिसळून ती चांगली चालते.

लाल माती

भुसभुशीत, पाण्याचा लवकर निचरा होणारी आणि दिसायलाही छान. लॉनवाल्याला ती आवडते कारण फावड्याला हलकी जाते आणि हराळी, सिलेक्शन वन किंवा कोरियन कार्पेट यांपैकी कोणतंही गवत तिच्यात लवकर मूळ धरतं. घाटमाथ्याकडची जांभ्यापासून झालेली खरी लाल माती आम्लधर्मी असते, तिच्यात चुना जवळजवळ नसतो, त्यामुळे अनंत-एक्झोराचा प्रश्न सुटतो.

पण ती उपाशी माती आहे. सेंद्रिय अंश कमी, आणि तिच्यातलं लोह स्फुरदाला (फॉस्फरसला) बांधून ठेवतं. पाणीही फार काळ धरत नाही, उन्हाळ्यात रोज पाणी द्यावं लागतं. ज्यांच्याकडे मार्चपासून टँकर येतो त्यांनी याचा आधी विचार करावा.

शिवाय लाल दिसते ती सगळी लाल माती नसते. लालसर मुरूम चाळून माती म्हणून सर्रास विकला जातो. ओली करून मुठीत दाबा: गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर माती ठीक. गोळाच होत नसेल आणि हाताला खरखर लागत असेल तर तो मुरूम समजा. पायवाटेखाली भरायला उत्तम, मुळांसाठी निरुपयोगी.

कोकणात आणि गोव्यात ही माती पायाखालीच आहे. तिथे लाल माती विकत घेण्यात अर्थ नाही. खत, आणि माती तपासून गरजेपुरता चुना, एवढंच लागतं.

पोयटा आणि पोयटा म्हणून येणारा गाळ

नदीकाठची, वाळू-गाळ-चिकणमाती यांचं प्रमाण साधलेली पोयट्याची माती लॉनसाठी माझी पहिली निवड. पाणी धरते, सोडतेही. अडचण एवढीच की धरणा-तलावाचा गाळही याच नावाने विकला जातो. सरकारने 2017 मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली ती हलक्या, उथळ जमिनीच्या शेतकऱ्यांसाठी, आणि तिथे तो गाळ सोन्यासारखा कामाला येतो. पण देशावरच्या तलावातला गाळ म्हणजे बहुतेक वेळा वाहून आलेली काळी चिकणमातीच. अंगणात ती काळ्या मातीचे सगळे त्रास देते.

ओळखायला काचेची बरणी पुरते. एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर कपड्यांची पावडर. खूप हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळाचा थर काही तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत बसत राहते. वाळूचा थर साधारण निम्मा आणि चिकणमातीचा पाव किंवा त्याहून कमी असेल तर बिनधास्त घ्या.

उसाच्या, वर्षानुवर्षं भरपूर पाणी दिलेल्या शेतातली माती स्वस्तात मिळत असेल तर क्षारांची तपासणी करूनच घ्या. कृष्णाकाठच्या खारवट जमिनी याच पाण्यामुळे झाल्या आहेत. नमुना जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात देता येतो.

फुकटची माती आणि महागडं मिश्रण

शेजारच्या साइटवर पाया खणताना निघालेली माती फुकट किंवा नुसत्या वाहतुकीच्या खर्चात मिळते. ती खोलवरची, निर्जीव माती असते. खड्डा बुजवायला किंवा पातळी उचलायला खालच्या थरात वापरा, वरचे सहा इंच मात्र दुसरे हवेत.

नर्सरीचं तयार मिश्रण, म्हणजे लाल माती, शेणखत आणि कोकोपीट, कुंड्यांसाठी उत्तम आहे. 500 चौरस फुटांवर पसरायचं म्हटलं तर खर्च भरमसाट, आणि त्यातला सेंद्रिय भाग कुजत जाईल तसं लॉन जागोजागी खचतं.

तर निवड अशी: चांगला पोयटा मिळाला तर तोच. नाही मिळाला तर लाल माती तीन भाग आणि जुनं शेणखत एक भाग. काळी माती अंगणात असेल तर तिच्यावरच मेहनत. काळ्यावर लाल पसरायची असेल तर खालचे दोन-तीन इंच खणून दोन्ही एकमेकांत मिसळा, नाहीतर दोन थरांच्या सांध्यावर पाणी अडतं आणि मुळं तिथेच थांबतात.

माप ब्रासमध्ये, गाडीत नव्हे

एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. 500 चौरस फुटांवर सहा इंच थर हवा तर 250 घनफूट, म्हणजे अडीच ब्रास. नवी माती पाण्याने दबते, म्हणून तीन धरा. खालची माती चांगली असेल आणि दोन इंचच चढवायचे असतील तर एक ब्रासही लागत नाही.

ब्रासभर माती ओलीनुसार साधारण पावणेचार ते साडेचार टन भरते. छोट्या हत्तीची, म्हणजे लहान टेम्पोची, वाहून न्यायची क्षमता पाऊण टनाच्या आसपास, म्हणजे त्यात वीसेक घनफूट माती बसते. "छोटा हत्ती भरून" असा भाव सांगितला तर पाचने गुणा, मग ब्रासचा भाव कळतो. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत सव्वा घनफूट माती मावते. 80 गोण्या म्हणजे ब्रास. गोणीचा भाव लहान वाटतो, 80 ने गुणल्यावर वाटत नाही. ट्रॉली किंवा डंपर आला की हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि मातीची उंची फुटांत मोजा, गुणाकार करा, 100 ने भागा. वर शीग (काठावर आलेला ढीग) आहे की मागच्या फाळक्यापाशी खळगा, हेही बघा. चाळलेली माती महाग पडते. ती फक्त वरच्या दोन इंचांना पुरे.

भाव ठरवताना विचारायचा प्रश्न म्हणजे गाडी कुठे खाली करणार. मागच्या अंगणापर्यंत डंपर जात नसेल तर घमेल्यांची मजुरी कधीकधी मातीपेक्षा जास्त होते. ड्रेनेजच्या चेंबरवर भरलेल्या डंपरचं चाक जाऊ देऊ नका. सोसायटी असेल तर गाडीची वेळ आधी विचारून ठेवा.

माती, मुरूम, वाळू ही सरकारदरबारी गौण खनिजं आहेत. उत्खननावर स्वामित्वधन (रॉयल्टी) भरावं लागतं, गाडीसोबत वाहतूक पास लागतो आणि विनापरवाना माती उचलल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 48 खाली दंड होतो, गाडीही जप्त होऊ शकते. मातीवाल्याकडे पास मागा. पास दाखवायला कुरकुरणारा माणूस बहुधा कुठलीतरी टेकडी रात्री पोखरत असतो.

कधी

लॉन लावायचं जूनच्या अखेरीस, पण माती मे उजाडताच आणून टाका. कोरडी माती हलकी असते, ढेकळं होत नाहीत, ट्रॉली रुतत नाही. पावसात आणलेली चिकण माती तुडवली की तिची घडण बिघडते. वापसा आल्याशिवाय, म्हणजे जादा ओल निघून माती हाताला भुसभुशीत लागेपर्यंत, तिला हात लावू नये. पसरताना जोत्याच्या पातळीपेक्षा निदान सहा इंच खाली ठेवा, नाहीतर भिंतीला ओल धरते, आणि उतार घरापासून बाहेर द्या.

शेणखत जुनंच घ्या: गरम नसलेलं, वास न येणारं. कच्च्या खतातून हुमणीच्या अळ्या येतात आणि गवताची मुळं खातात.

पसरून झालं की लगेच गवत लावू नका. दोन-तीन आठवडे पाणी मारत राहा. विकतच्या मातीत कुणाच्या तरी शेतातलं गाजर गवत आणि लव्हाळा दडलेला असतोच. गाजर गवत उपटून निघतं. लव्हाळ्याच्या गाठी मात्र खुरप्याने खोल जाऊन काढाव्या लागतात, आणि वर गवताची चादर अंथरल्यावर तिथपर्यंत खुरपं पोचत नाही.