८ बाय ४२ची दुर्बीण : गौताळ्यात एक हिवाळा वापरल्यावर

नोव्हेंबरात संभाजीनगरहून ८ बाय ४२ची दुर्बीण आणली, म्हणजे आठपट दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. साडेनऊ हजारांना पडली. मी कन्नडला शिक्षिका, त्यामुळे गौताळा अभयारण्य उंबऱ्याशीच. फेब्रुवारीपर्यंतचे बहुतेक रविवार ही दुर्बीण गळ्यात घालूनच गेले.

आधी माझ्याकडे १० बाय २५ची घडीची दुर्बीण होती. ‘दहापट दिसतं’ एवढ्यावर घेतली होती. पण डोंगरउतारावरची पाखरं उजाडताना हालचाल करतात, आणि नेमकं तेव्हाच तिच्यातून सगळं गढूळ दिसायचं. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी कळते. २५ भागिले १० म्हणजे अडीच मिलिमीटर, ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच. झोत रुंद असला की कमी उजेडातही चित्र उजळ दिसतं. शिवाय दहापटीत हाताची थरथरही दहापट होते, आणि डिसेंबरच्या गारठ्यात हात थरथरतातच.

फरक कळला पितळखोऱ्यात. सकाळचे साडेसात, दरी अजून सावलीत. लेण्यांच्या वरच्या कड्यावर एक काळसर पक्षी ताठ बसला होता. हा मी दरवर्षी बघते आणि दरवर्षी ‘काहीतरी काळं’ म्हणून सोडून देते. नव्या दुर्बिणीतून तो निळा निघाला! पाटीवर ओला हात फिरवल्यावर दिसतो तसला करडा निळा, आणि छातीवर खवल्यांसारख्या बारीक फिकट रेषा. शैलकस्तूर, नर. शेजारी शेळ्यांमागे आलेले आजोबा म्हणाले, “बाई, ते काळं पाखरू दिवाळीनंतर येतंय, होळीच्या पुढं दिसत नाही.” मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आरं, हे तर निळं हाय की!” वर्षानुवर्षं त्याच्या येण्या-जाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला त्याचा रंग पहिल्यांदा दिसला, हे मी विसरणार नाही.

जवळचंही नीट दिसतं. थिरथिरा पायऱ्यांच्या कठड्यावर चार-पाच पावलांवर येऊन बसला, तर शेपटीचा कंप आणि पोटाचा नारिंगी रंग स्वच्छ दिसला. युवराज पक्ष्याची शेंडीही गवताच्या काड्यांतून वेगळी ओळखू आली.

आता तक्रारी. उजव्या डोळ्याचा फोकस जुळवायची कडी सैल आहे; पिशवीत घासली की फिरते. मी जुळलेल्या जागी नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवलाय. सोबतचा पट्टा अरुंद आहे, दोन तासांत मानेला काचतो. तो बदलून रुंद पट्टा लावला. भिंगांवरची झाकणं पहिल्याच महिन्यात सुटली, त्यातलं एक चंदन नाल्यात गेलं.

चष्मा असेल तर तो काढून दुर्बीण बघू नका. डोळ्याकडची रबरी कडी पूर्ण खाली करून, चष्म्यासकट, दुकानाबाहेर उन्हात आणि मग आडोशाच्या सावलीत बघा. चित्राच्या कडेला काळी सावली नाचत असेल तर ती दुर्बीण तुमच्यासाठी नाही, कितीही महाग असो. मी पाच बघितल्या, तीन याच कारणाने परत केल्या.

पाकोळ्यांसारखी सतत उडणारी पाखरं हिच्यातही पटकन सापडत नाहीत, सराव लागतो. पण या पैशात मी पुन्हा हीच घेईन, पट्टा मात्र त्याच दिवशी वेगळा घेईन.